मोठ्या बाऊलचं दार आणि बॉयसीचा संघ

२६ नोव्हेंबर २०१०ची रात्र, नेवाडा राज्यातलं रीनो शहर. बॉयसी स्टेट आणि नेवाडा या दोन विद्यापीठांचा सामना ३१-३१ असा बरोबरीत, आणि वेळ संपत आलेली. चेंडू २६ यार्डांवरून दोन खांबांच्या मधून मारायचा, म्हणजे जेमतेम २४ मीटर. मुरलेल्या किकरच्या रोजच्या सरावातली किक. ती उजवीकडून बाहेर गेली. जादा वेळेत २९ यार्डांवरून पुन्हा संधी आली, तीही हुकली. नेवाडाने सामना ३४-३१ असा घेतला. सलग २४ सामने जिंकून आलेला, राष्ट्रीय क्रमवारीत चौथा असलेला बॉयसीचा संघ त्या रात्री मोठ्या बाऊलच्या शर्यतीतून बाहेर पडला. अख्ख्या हंगामातला तो त्यांचा एकमेव पराभव.

अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलमध्ये एखादा संघ मोठा बाऊल गाठणार की नाही, हे कसं ठरतं ते समजून घ्यायला बॉयसी स्टेटइतकं बोलकं उदाहरण मला दुसरं दिसत नाही. आयडाहोसारख्या कमी वस्तीच्या राज्यातलं हे विद्यापीठ. १९३२ साली दोन वर्षांचं ज्युनियर कॉलेज म्हणून सुरू झालं. फुटबॉलच्या सर्वोच्च विभागात संघ आला तो १९९६ला. मैदानावरचं कृत्रिम गवत १९८६पासून चक्क निळं आहे, आणि ही निळाई हीच बरीच वर्षं त्यांची देशभरातली ओळख होती.

बाऊल म्हणजे कोणता सामना?

बाऊल म्हणजे वाडगा. वाडग्याच्या आकाराच्या स्टेडियमवरून हे नाव आलं आणि पुढे सामन्यालाच चिकटलं. कॅलिफोर्नियातल्या पॅसाडीनाचा रोझ बाऊल सगळ्यात जुना. पहिला सामना १९०२चा. न्यू ऑर्लिन्सचा शुगर, मायामीचा ऑरेंज, टेक्सासचा कॉटन, अटलांटाचा पीच आणि ॲरिझोनाचा फिएस्टा धरून आज मोठे बाऊल सहा. डिसेंबरअखेर ते जानेवारी या काळात ते खेळले जातात. बाकी लहानसहान बाऊल पुष्कळ आहेत आणि निम्मे सामने जिंकणाऱ्या संघालाही तिथे जागा मिळते. पण आई-वडिलांपासून माजी विद्यार्थ्यांपर्यंत सगळे विमानाची तिकिटं काढतात ती या सहांसाठी.

गुणतक्ता का पुरत नाही?

आयपीएलमध्ये दहा संघ आणि एक गुणतक्ता. कोण जिंकलं पाहिजे, कोण हरलं पाहिजे, याची गणितं आपण घरबसल्या मांडतो. कॉलेज फुटबॉलच्या वरच्या विभागात २०२४ साली १३४ संघ होते आणि नियमित हंगामात प्रत्येकाला सामने फक्त बारा. बहुतेक संघ एकमेकांसमोर येतच नाहीत. बारापैकी बारा जिंकणारा संघ खरंच मोठा, की त्याच्यासमोर कोणी तगडं आलंच नाही, हे तक्ता सांगू शकत नाही. म्हणून इथे मतं, संगणकाची गणितं आणि समित्या आल्या.

त्यातच हे संघ कॉन्फरन्स नावाच्या गटांत वाटलेले आहेत. एसईसी, बिग टेन यांसारखे गट श्रीमंत. त्यांच्या संघांची स्टेडियमं लाखाची, टीव्हीचे करार अवाढव्य. बॉयसीचं स्टेडियम साधारण ३६ हजारांचं आणि गट दुय्यम मानला जाणारा. दर आठवड्याला समोर येणारा प्रतिस्पर्धीही दुय्यमच मानला जातो. मोठ्या गटातला संघ एकदा हरला तरी पुढच्या शनिवारी बलाढ्य संघाला हरवून ते नुकसान भरून काढतो. बॉयसीला तसा शनिवारच मिळत नाही. माझ्या मते त्यांच्या संधीचं सगळं गणित या एका फरकात आहे.

२००६ : बारांच्या आत

१९९८ ते २०१३ या काळात तेव्हाच्या मोठ्या बाऊलच्या जागा बीसीएस नावाची पद्धत वाटत असे. शेवटी क्रमवारीचे तीन भाग होते : प्रशिक्षकांची मतं, एका वेगळ्या मंडळाची मतं आणि संगणकांची सरासरी. सहा बड्या गटांच्या विजेत्यांना जागा ठरलेली. दुय्यम गटाच्या विजेत्याला हक्काने यायचं तर आधी पहिल्या सहांत असावं लागे. २००४ साली युटाने ते करून दाखवलं. २००६पासून पाचवा सामना वाढला, जागा आठाच्या दहा झाल्या आणि ती अट पहिल्या बारांपर्यंत सैल झाली. त्याच वर्षी ख्रिस पीटरसन बॉयसीचे मुख्य प्रशिक्षक झाले, संघाने बाराही सामने जिंकले, आठवा क्रमांक मिळवला आणि हक्काने फिएस्टा बाऊल गाठला. समोर ओक्लाहोमा, सात वेळा राष्ट्रीय विजेतेपद मिळवलेला संघ.

१ जानेवारी २००७चा हा सामना ज्यांनी पाहिला नाही त्यांनी जरूर शोधून पाहावा. बॉयसीची २८-१० अशी आघाडी होती. ओक्लाहोमाने बरोबरी साधली, आणि शेवटच्या मिनिटाभराच्या खेळात बॉयसीचा पास मध्येच पकडून थेट टचडाऊन केला, म्हणजे चेंडू मैदानाच्या शेवटच्या रेषेपार नेला. ३५-२८. उरले १८ सेकंद. या खेळात दहा यार्ड पुढे सरकायला चार प्रयत्न मिळतात. बॉयसीचा शेवटचा, चौथा प्रयत्न होता आणि हवे होते १८ यार्ड. क्वार्टरबॅक, म्हणजे पास टाकणारा खेळाडू, जॅरेड झब्रान्स्कीने पास ड्रिसॅन जेम्सकडे दिला. जेम्स मैदानाच्या मधोमध धावत निघाला, बचाव करणारे सगळे त्याच्या मागे वळले, आणि नेमक्या त्या क्षणी त्याने चेंडू उलट दिशेने धावत येणाऱ्या जेरार्ड रॅबकडे टाकला. रॅबला अडवायला तिकडे कोणी उरलंच नव्हतं. घड्याळात सात सेकंद असताना बरोबरी झाली.

जादा वेळेत ओक्लाहोमाच्या एड्रियन पीटरसनने पहिल्याच खेळीत टचडाऊन केला. बॉयसीने पुन्हा चौथ्या प्रयत्नावर उत्तर दिलं. आता साधी किक मारून एक गुण घेतला असता तर बरोबरी होऊन सामना लांबला असता. प्रशिक्षक पीटरसन यांनी दोन गुणांचा डाव लावला : साधला तर विजय, फसला तर सगळं संपलं. झब्रान्स्कीने उजवा हात पास टाकल्यासारखा उगारला. चेंडू मात्र डाव्या हातात, पाठीमागे होता. इयन जॉन्सनने तो अलगद उचलला आणि डावीकडून रेषेपार गेला. ४३-४२. त्या हंगामात देशात एकही सामना न हरलेला बॉयसी हा एकमेव संघ ठरला. तरीही राष्ट्रीय विजेतेपद एक सामना हरलेल्या फ्लोरिडाकडे गेलं आणि बॉयसीचा शेवटचा क्रमांक पाचवा लागला.

२००८ : नववा राहिला, दहावा गेला

नियमाची दुसरी बाजू दोनच वर्षांनी दिसली. बॉयसी पुन्हा १२-०, क्रमवारीत नववा. पण हक्काची जागा दुय्यम गटांत मिळून एकालाच होती आणि सहावा आलेला युटा पुढे होता. उरलेल्या जागांवर कोणाला बोलवायचं हे बाऊलच्या आयोजकांच्या हातात. त्यांनी दोन सामने हरलेल्या, दहाव्या क्रमांकाच्या ओहायो स्टेटला फिएस्टा बाऊलला बोलावलं. ओहायो स्टेटमागून हजारो चाहते येतात, हॉटेलं भरतात, टीव्ही पाहिला जातो. धंद्याच्या हिशोबात निर्णय बरोबर असेल, खेळाच्या हिशोबात तो अन्याय होता असंच मी म्हणेन. एकही सामना न हरता मुलांनी याहून जास्त काय करायचं होतं?

२०२४ : बारा संघांची फेरी

२०१४पासून १३ जणांची निवड समिती क्रमवारी लावते. दुय्यम गटांतल्या सर्वोत्तम विजेत्याला एक मोठा बाऊल नक्की झाला आणि पहिल्याच वर्षी बॉयसीने त्या जागेवरून फिएस्टा बाऊलमध्ये ॲरिझोनाला ३८-३० असं हरवलं. २०२४ला विजेतेपदाची फेरी चारऐवजी बारा संघांची झाली. समितीच्या क्रमवारीतले पहिले पाच गटविजेते आणि आणखी सात संघ अशी तेव्हाची निवड. उपांत्यपूर्व आणि उपांत्य सामने याच सहा मोठ्या बाऊलमध्ये होतात.

त्या वर्षी बॉयसीकडे ॲश्टन जेंटी होता. हंगामभरात तो चेंडू घेऊन २,६०१ यार्ड धावला; बॅरी सँडर्सचा १९८८चा विक्रम फक्त २७ यार्डांनी राहिला. ७ सप्टेंबरला बॉयसीचा ओरेगनकडून ३७-३४ असा अगदी शेवटच्या किकवर पराभव झाला. पुढे ओरेगनने नियमित हंगाम अपराजित राहून पहिला क्रमांक पटकावला, त्यामुळे समितीच्या नजरेत बॉयसीचा तो निसटता पराभवही वजनदार ठरला. बलाढ्य संघाच्या मैदानावर जाऊन खेळण्याचा फायदा असा होतो.

गटाच्या अंतिम सामन्यात बॉयसीने यूएनएलव्हीला २१-७ असं हरवलं. क्रमवारीत नववा असूनही मानांकन तिसरं मिळालं, कारण पहिली चार मानांकनं गटविजेत्यांसाठी राखीव होती. पहिली फेरी न खेळताच संघ फिएस्टा बाऊलमध्ये पोहोचला. तिथे पेन स्टेटने ३१-१४ असा विजय मिळवला आणि जेंटीला १०४ यार्डांवर रोखलं. बॉयसी फिएस्टा बाऊल हरला तो तेव्हा पहिल्यांदाच.

आता काय बघायचं?

२०२५पासून पहिल्या चार मानांकनांचं ते आरक्षण गेलं. आता मानांकन सरळ क्रमवारीनुसार लागतं, त्यामुळे नववा आलेला संघ थेट मोठ्या बाऊलमध्ये पोहोचत नाही. आधी पहिल्या फेरीत बाहेरच्या मैदानावर जिंकावं लागतं. त्या वर्षी बॉयसीची सुरुवातच साउथ फ्लोरिडाकडून ३४-७ अशा पराभवाने झाली. गटविजेतेपद पुन्हा मिळालं, पण तोवर झालेल्या चार पराभवांमुळे बॉयसी बारा संघांच्या यादीपर्यंत पोहोचू शकला नाही.

जुलै २०२६पासून बॉयसी नव्याने उभ्या राहिलेल्या पॅक-१२ गटात आहे. संधी किती हे पाहायचं तर नोव्हेंबरपासून दर मंगळवारी समितीची क्रमवारी जाहीर होते तेव्हा तीन ठिकाणी नजर टाकावी. सप्टेंबरमध्ये बड्या संघाविरुद्ध काय झालं आणि तो बडा संघ पुढे किती जिंकला. दुसऱ्या दुय्यम गटाचा आघाडीवर असलेला विजेता कोण, कारण हक्काच्या जागेसाठी खरी चुरस त्याच्याशीच असते. आणि गटाचा अंतिम सामना कोणाच्या मैदानावर आहे. डिसेंबरातल्या थंडीत तो निळ्या गवतावर झाला, तर बॉयसीकरांना पुढच्या रविवारी निवड जाहीर होताना टीव्हीसमोर थोडं निवांत बसता येईल.