संकीर्ण, ललितेतर व 'मुलांसाठी' : मिश्र संग्रहाच्या नोंदीची भाषा

देणगीदाखल ग्रंथालयात आलेल्या, अथवा जुन्या पुस्तकांच्या विक्रेत्याने गठ्ठा करून ठेवलेल्या संग्रहावर पुष्कळदा एकच ओळ लिहिलेली आढळते : 'ललितेतर पुस्तके व मुलांच्या ॲनिमेशन डीव्हीडी, संकीर्ण'. व्यवहाराच्या दृष्टीने ही ओळ पुरेशी आहे. गठ्ठा उचलणाऱ्यास त्यात कादंबऱ्या नाहीत, मोठ्यांचे चित्रपट नाहीत, एवढे कळते. परंतु हीच ओळ पुढे दाखल नोंदवहीत जशीच्या तशी उतरते, नोंदवहीतून सूचीत जाते, आणि सूचीत जे लिहिलेले नाही ते वस्तुतः असूनही नसल्यासारखे होते. यास्तव या ओळीतील एकेक शब्द काय सांगतो आणि काय दडवितो, हे भाषाशास्त्राच्या अंगाने पाहण्याचे प्रस्तुत लेखात योजिले आहे.

प्रथम 'ललितेतर' हा शब्द घेऊ. वस्तूचे नाव तिच्यात जे आहे त्यावरून न ठेवता, जे नाही त्यावरून ठेवण्याचा हा प्रकार आहे. अशा निषेधार्थी नावांचा विचार आपल्या वैयाकरणांनी फार पूर्वी केलेला आहे. 'अब्राह्मणास आण' असे सांगितले असता ऐकणारा ब्राह्मणाहून वेगळा असा मनुष्यच आणतो, मातीचे ढेकूळ आणून आपले काम झाले असे मानीत नाही, हे नञ् समासाच्या विवेचनात पतंजलीने महाभाष्यात दाखविले आहे. ज्याचा निषेध केला त्याच्याशी सदृश अशा दुसऱ्या वस्तूचा बोध करून देणारा हा निषेध पुढे 'पर्युदास' म्हणून ओळखला गेला. केवळ नकार सांगणाऱ्या 'प्रसज्यप्रतिषेधा'हून तो निराळा. 'ललितेतर' हा शब्दही असाच पर्युदासाच्या वृत्तीचा आहे. ललितेतर पुस्तक मागणाऱ्यास आगगाड्यांचे वेळापत्रक किंवा दूरध्वनीची यादी दिल्यास तो समाधान पावणार नाही. त्यास चरित्र हवे असेल, प्रवासवर्णन, आरोग्यविषयक पुस्तक, इतिहास किंवा पाककृतींचा संग्रह हवा असेल. परंतु जे हवे ते वाचण्याजोगे पुस्तकच असले पाहिजे. निषेधाच्या पोटात सादृश्य असते, ते असे.

आता अडचण अशी की, सादृश्य व भेद हे दोन्ही ज्याच्याशी मोजावयाचे तो 'ललित' हा शब्द मराठीत इंग्रजीतील 'फिक्शन'च्या मापाचा नाही. इंग्रजीत निकष कल्पिताचा आहे : घटना व पात्रे रचलेली असतील तर ते फिक्शन, नसतील तर नॉन-फिक्शन. मराठीत निकष बव्हंशी लेखनाच्या वृत्तीचा आहे. दुर्गा भागवत यांचे 'ऋतुचक्र' घ्या. त्यात कल्पित पात्र नाही, कथानक नाही. बारा महिन्यांच्या सृष्टीचे ते निरीक्षण आहे. इंग्रजी निकषाने ते निःसंशय नॉन-फिक्शन ठरते. पण मराठी वाचकास ते 'ललितेतर' म्हणून दाखविल्यास त्यास आश्चर्य वाटेल, कारण त्याच्या लेखी ते ललित गद्याचे उत्तम उदाहरण आहे. लघुनिबंधाचीही तीच गत. इरावती कर्वे यांच्या 'युगान्ता'विषयी तर एकाच वाचनालयातील दोन वाचकांचे एकमत होणे कठीण. अर्थात् 'ललितेतर' हे नॉन-फिक्शनचे भाषांतर म्हणून वापरणारा सूचिकार नकळत दोन निरनिराळ्या सीमारेषा एकमेकींवर ठेवतो, आणि त्या दोहोंच्या मधल्या पट्टीत मराठी गद्याचा फार चांगला भाग अडकून राहतो. कल्पिताचाच निकष अभिप्रेत असेल तर 'कथेतर' हा शब्द अधिक नेमका होय. मला तो विशेष आवडतो असे नाही. परंतु पारिभाषिक शब्दाचे काम कानाला गोड लागण्याचे नसते.

ग्रंथालयांच्या मांडणीने या घोटाळ्यात आणखी भर घातली आहे. मेल्व्हिल ड्यूईच्या १८७६ च्या दशांश वर्गीकरणात ललित व ललितेतर असा भेद मुळात नाहीच. तेथे सर्व ज्ञानाचे दहा वर्ग आहेत, व साहित्य हा त्यांतील ८०० या अंकाचा एक वर्ग. पुढे सार्वजनिक वाचनालयांनी सोयीकरिता कथा-कादंबऱ्या बाजूस काढून लेखकाच्या नावाने लावल्या, आणि अंक घालून लावलेले जे उरले त्यास नॉन-फिक्शन म्हणण्याची चाल पडली. परिणामी कविता व नाटके या बाजूस आली. इतकेच नव्हे तर परीकथा व लोककथाही आल्या, कारण लोककथांचा अंक ३९८.२ असून तो सामाजिक शास्त्रांच्या वर्गात पडतो. बोलणारा कोल्हा व विचार करणारा कावळा हे अशा रीतीने 'वस्तुनिष्ठ' पुस्तकांच्या फळीवर, विवाहविधी व पोशाख यांच्या शेजारी बसलेले आढळतात. यात ड्यूईचा दोष नाही. लोककथा ही समाजाच्या अभ्यासाची सामग्री होय, ही त्याची भूमिका समजण्यासारखी आहे. गफलत झाली ती उरलेल्या ढिगास एक नाव देण्यात.

आता ओळीचा उत्तरार्ध. 'मुलांच्या ॲनिमेशन डीव्हीडी' या तीन शब्दांत तीन निरनिराळी भेदक तत्त्वे आहेत. 'मुलांच्या' हे प्रेक्षकावरून, 'ॲनिमेशन' हे निर्मितीच्या तंत्रावरून, 'डीव्हीडी' हे वाहक वस्तूवरून. पूर्वार्धात मात्र आशयाच्या स्वरूपावरून भेद केला होता. तेव्हा मुलांना अपूर्णांक शिकविणारी ॲनिमेशनची तबकडी आशयाने कथेतर असूनही उत्तरार्धात जाते, आणि मुलांसाठी लिहिलेले चरित्र पूर्वार्धात जाते. दोन वर्ग एकमेकांत अंशतः शिरतात, पण कोणताही दुसऱ्यास पूर्णपणे पोटात घेत नाही. न्यायवैशेषिकांनी यास 'संकर' म्हटले असून जातीच्या सिद्धीस बाध आणणाऱ्या कारणांत उदयनाचार्यांनी त्याची गणना केली आहे. मौज अशी की, ओळीच्या शेवटी येणारा 'संकीर्ण' हा शब्दही 'सम्' उपसर्गपूर्वक त्याच 'कॄ' धातूपासून आलेला आहे. विक्रेता 'संकीर्ण' लिहितो तेव्हा तो आपल्या वर्गीकरणातील दोष प्रामाणिकपणे कबूलच करीत असतो! 'किरकोळ', 'फुटकळ', 'प्रकीर्ण' हे शब्दही याच कामी येतात, पण त्यांच्या छटा वेगळ्या आहेत. 'किरकोळ' व 'फुटकळ' यांत मोल कमी असल्याची सूचना आहे. 'प्रकीर्ण' मात्र प्रतिष्ठित आहे, कारण भर्तृहरीच्या वाक्यपदीयाचे तिसरे कांडच त्या नावाने ओळखले जाते.

संकर टाळण्याचा शास्त्रीय मार्ग म्हणजे प्रत्येक तत्त्व स्वतंत्रपणे नोंदविणे. शि. रा. रंगनाथन् यांनी १९३३ च्या आपल्या द्विबिंदु वर्गीकरणात विषयाचे पैलू निरनिराळे काढून जोडण्याची जी पद्धत घातली, तिचे मर्म हेच. सूचीच्या नियमांतही हा विचार उशिरा का होईना आला. १९७८ च्या आंग्ल-अमेरिकन सूचीसंहितेच्या दुसऱ्या आवृत्तीत शीर्षकापुढे कंसात वस्तूचा प्रकार एका शब्दात सांगत असत. २०१० साली तिची जागा घेण्यासाठी आलेल्या नियमावलीने आशय, माध्यम व वाहक ही तीन अंगे वेगळी केली. हलते द्विमिती चित्र हा आशय, 'व्हिडिओ' हे माध्यम, आणि दृश्यतबकडी हा वाहक. एवढे केले म्हणजे अपूर्णांकांची तबकडी विषयाने गणिताखाली सापडेल व वाहकाने तबकड्यांतही सापडेल.

येथवर जे सांगितले ते ग्रंथालयशास्त्राच्या विद्यार्थ्यांस नवे नाही. भाषेच्या अभ्यासकास अधिक अस्वस्थ करणारी गोष्ट पुढेच आहे, व ती अशी की सबंध ओळीत भाषेचा उल्लेख कोठेही नाही.

छापील पुस्तकाच्या बाबतीत हे चालून जाते. पुस्तक उघडले की त्याची भाषा दिसते. तबकडी उघडत नाही. १९९६ च्या नोव्हेंबरात जपानमध्ये प्रथम विक्रीस आलेल्या या डीव्हीडीच्या रचनेत एकाच चित्रासोबत आठपर्यंत ध्वनिमार्ग व बत्तीसपर्यंत उपशीर्षकमार्ग ठेवण्याची सोय आहे. वेष्टनावर इंग्रजी नाव व रंगीत हत्ती एवढेच असले, तरी आत मराठी आवाज असू शकतो. आणि मराठी नाव असूनही आत केवळ हिंदी असू शकते. तबकडीच्या आतील नोंदीत प्रत्येक मार्गाची भाषा दोन रोमन अक्षरांच्या संकेताने लिहितात. मराठीचा संकेत 'एम्-आर्'. कोकणीला मात्र या द्व्यक्षरी यादीत स्थानच नाही. तिला तीन अक्षरांचा संकेत आहे, पण तो येथे बसत नाही. गोव्यातील एखाद्या निर्मात्याने कोकणी आवाज घातला तर यंत्राच्या लेखी तो अन्य कोणत्या तरी भाषेच्या नावाखाली, अथवा निनावी, राहणार. वऱ्हाडी किंवा मालवणी यांची तर गोष्टच सोडा.

हा ध्वनिमार्ग अभ्यासकास का हवा, असे कोणी विचारील. एक उदाहरण पुरे आहे. इंग्रजी कथेतील कासव 'ही' या पुल्लिंगी सर्वनामाने वावरते. मराठीत 'कासव' हा शब्द नपुंसकलिंगी. निवेदकाने 'कासव म्हणाले' म्हणावे तर व्याकरण सांभाळले जाते, पण मुलाला ते कासव आदरार्थी बहुवचनातले कोणी गुरुजी वाटण्याचा संभव आहे. 'कासव म्हणाला' म्हटले तर व्यक्तित्व येते व व्याकरण जाते. 'कासव म्हणालं' हे बोलीत सहज उतरते. पण पुढे तेच कासव स्वतःविषयी बोलू लागले की 'मी आलो' की 'मी आले', याचा निर्णय टळत नाही. लेखी व्याकरणात प्रथमपुरुषी नपुंसकलिंगाचे रूप दाखविता येते, परंतु ते रूप कोणी जिवंत माणूस स्वतःस लावीत नाही. शिवाय सिंहास ससा 'तू' म्हणेल, 'तुम्ही' म्हणेल की 'महाराज, आपण' म्हणेल, हाही प्रश्न इंग्रजी संहितेत नसतोच. तो मराठीत येताना निर्माण होतो. त्यातच ओठांची जुळणी साधावयाची असते. प, फ, ब, भ, म यांना ओठ मिटावे लागतात; चित्रातला प्राणी तोंड उघडे ठेवून उभा असताना 'थांब' हा शब्द त्याच्या तोंडी नीट बसत नाही. इंग्रजीत क्रियापद वाक्याच्या मध्ये येते, मराठीत शेवटी; म्हणून हातवारे व शब्द यांची फारकत होते, आणि अनुवादक ती भरून काढण्यासाठी वाक्य उलटे फिरवितो. 'जा तू आता घरी' अशी जी वाक्ये मुलांच्या तोंडी ऐकू येतात त्यांतील किती बोलीतली मूळची व किती या तबकड्यांतून आलेली, हा संशोधनाचा रास्त विषय आहे. पण साधनेच सापडली नाहीत तर संशोधन कशावर करावयाचे?

साधने टिकविण्याची कायदेशीर व्यवस्था पाहू गेल्यास ती छापील मजकुरापुरतीच आहे. १९५४ च्या ग्रंथ-प्रदान कायद्यान्वये प्रकाशकाने पुस्तकाची एकेक प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयास व मुंबई, चेन्नई आणि दिल्ली येथील प्रत्येकी एका सार्वजनिक ग्रंथालयास द्यावयाची असते. १९५६ साली त्यात वृत्तपत्रांची भर पडली. कायद्यातील 'पुस्तक' या संज्ञेच्या व्याख्येत खंड, पुस्तिका, संगीताचे छापील कागद, नकाशे व आराखडे आहेत. तबकडीला जागा नाही. १८६७ च्या नोंदणी कायद्यामुळे प्रांतोप्रांतीच्या त्रैमासिक ग्रंथयाद्या निघाल्या, आणि एकोणिसाव्या शतकातील किरकोळ म्हणविल्या गेलेल्या मराठी पुस्तकांचा मागमूस आज लागतो तो पुष्कळसा त्या याद्यांतून. तो कायदा २०२३ च्या नव्या कायद्याने रद्द झाला असून नव्यात पुस्तकांच्या नोंदणीची तरतूद नाही. शं. ग. दाते यांनी १८०० ते १९३७ या काळातील मराठी ग्रंथांची सूची केवढ्या चिकाटीने सिद्ध केली हे सर्वांस ठाऊक आहे. मुलांच्या मराठी ॲनिमेशनपटांची तशी सूची उद्या कोणी करू म्हटले तर त्यास प्रारंभबिंदूच मिळणार नाही.

आणि काळ थोडा आहे. कारखान्यात ठसा उठवून काढलेली तबकडी बराच काळ टिकते, पण घरगुती यंत्रावर सेंद्रिय रंगद्रव्याच्या थरात लिहिलेली तितका भरवसा देत नाही. वाजविण्याची यंत्रेही आता नव्या संगणकांत बसवून येत नाहीत. प्रदेश-संकेतांची अडचण वेगळीच : भारतासाठी ५, अमेरिकेसाठी १. येथून नातवंडांसाठी नेलेली प्रदेशबद्ध तबकडी तिकडच्या यंत्रात मुकी राहते.

तेव्हा गठ्ठा हाती येताच करावयाचे काम मोठे नाही. पुस्तके विषयावर सोडावी, 'ललितेतर' हा शब्द नोंदीत घालूच नये. प्रत्येक तबकडी एकदा यंत्रात घालून तिच्यातील सर्व ध्वनिमार्ग ऐकावे. वेष्टनावर विश्वासू नये. नोंदीत शीर्षक मराठी ध्वनिमार्गात जसे उच्चारले असेल तसे देवनागरीत लिहावे, वेष्टनावरील इंग्रजी शीर्षक त्याखाली द्यावे. भाषांचे नाव संकेताने न लिहिता पूर्ण लिहावे, कोकणी असल्यास कोकणी व मालवणी असल्यास मालवणी. अनुवादक व आवाज देणारे कलावंत यांची नावे शेवटच्या श्रेयनामावलीत असतात. ती उतरून घ्यावी, आणि तेथे ती नसतील तर तसे स्पष्ट नोंदवावे. एका तबकडीस फार तर दोन तास लागतील. विभागातील पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी आपापल्या गावच्या वाचनालयातील कपाटापासून आरंभ केल्यास त्या नोंदी विभागाच्या सूचीत समाविष्ट करता येतील.