मत देऊन फरक काय पडतो?

२०२४ च्या अमेरिकन अध्यक्षीय निवडणुकीत डोनाल्ड ट्रम्प यांना ७ कोटी ७३ लाख मतं पडली, कमला हॅरिस यांना साडेसात कोटी. मत देण्याचा हक्क असूनही तिकडे न फिरकलेले होते सुमारे ९ कोटी. घरी बसलेल्यांनी पक्ष काढला असता तर पहिला नंबर त्यांचाच लागला असता.

अशा मतदाराला 'उदासीन' म्हणून झटकून टाकणं सोपं असतं. त्यातले काही आळशी असतीलही. काहींना कामावरून सुटता आलं नसेल, कारण मतदानाचा मंगळवार १८४५ च्या कायद्यानं ठरलेला आहे आणि त्या दिवशी देशभर सुटी नसते. पण विचार करून वैतागलेलेही त्यात पुष्कळ आहेत. त्यांचं गणित मांडून पाहिलं तर बरंचसं बरोबर निघतं.

निवडणूक सात राज्यांची

अमेरिकेचा अध्यक्ष लोकांच्या थेट मतांवर ठरत नाही. सगळी राज्यं आणि राजधानी मिळून अध्यक्ष निवडणारे ५३८ निर्वाचक असतात. ज्याला २७० मिळाले, तो जिंकला. मेन आणि नेब्रास्का ही दोन राज्यं सोडली तर बाकी सगळीकडे नियम एकच: राज्यात जो पुढे, त्याच्या पदरात तिथले सगळेच्या सगळे निर्वाचक.

२०२४ मध्ये कॅलिफोर्नियात ट्रम्प यांना साठ लाखांवर मतं होती, निर्वाचक शून्य. टेक्सासमध्ये हॅरिस यांना ४८ लाखांच्या आसपास, तिथेही शून्य. या दोन राज्यांत हरणाऱ्याला मत देणाऱ्या कोटभर लोकांनी त्या दिवशी घरी बसून सिनेमा पाहिला असता तरी निकालाचा एक आकडा हलला नसता. म्हणूनच प्रचाराची विमानं उतरतात ती पेनसिल्व्हेनिया, मिशिगन, विस्कॉन्सिन, जॉर्जिया, नॉर्थ कॅरोलायना, ॲरिझोना आणि नेव्हाडा या सातच राज्यांत. २००० साली देशभरात पाच लाखांवर मतं जास्त मिळवून अल गोर हरले. फ्लोरिडातल्या ५३७ मतांनी निकाल लावला. २०१६ मध्ये हिलरी क्लिंटन यांना २८ लाखांहून जास्त मतांची आघाडी होती, तरी तीन राज्यांतली मिळून ७८ हजार मतं त्यांना नडली.

निर्वाचकांची ही पद्धतच रद्द करायची तर घटनादुरुस्ती हवी. त्यासाठी संसदेच्या दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश आणि वर तीन चतुर्थांश राज्यांची संमती लागते. सहा लाखसुद्धा वस्ती नसलेल्या वायोमिंगला सिनेटमध्ये दोन जागा आणि जवळपास चार कोटींच्या कॅलिफोर्नियालाही दोनच. आपल्या हातातलं वजन लहान राज्यं आपणहून कशाला सोडतील?

नकाशा ज्याच्या हाती

अध्यक्षपदाचं राहू द्या, आपला खासदार तरी आपण निवडतो की नाही? इथे मतदार जास्तच चिडतो, आणि माझ्या मते खरी गोम इथेच आहे. प्रतिनिधिगृहाच्या ४३५ मतदारसंघांच्या सीमा दर दहा वर्षांच्या जनगणनेनंतर नव्यानं आखल्या जातात, आणि बहुतेक राज्यांत त्या आखतं तिथलं विधिमंडळ. म्हणजे सत्ताधारी पक्ष नकाशा पुढ्यात घेऊन बसतो आणि विरोधकांची वस्ती कुठे फोडायची, कुठे एकाच मतदारसंघात कोंबायची ते ठरवतो. याला 'जेरीमँडरिंग' म्हणतात. पक्षीय फायद्यासाठी केलेल्या अशा आखणीत केंद्रीय न्यायालयं पडणार नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१९ मध्ये सांगून टाकलं.

२०२५ मध्ये तर जनगणनेची वाटही कुणी पाहिली नाही. टेक्सासच्या रिपब्लिकनांनी पाच जागा वाढतील असा नकाशा मंजूर केला. उत्तरादाखल कॅलिफोर्नियानं नोव्हेंबरमध्ये सार्वमत घेऊन डेमोक्रॅटांना पाच जागा मिळवून देणारा नकाशा आणला. याच कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी पूर्वी सीमा आखण्याचं काम राजकारण्यांकडून काढून स्वतंत्र आयोगाकडे दिलं होतं. त्या आयोगाचे नकाशे त्यांनीच काही वर्षांसाठी बाजूला ठेवले.

परिणाम असा की ४३५ पैकी जेमतेम दहा टक्के जागांवर खरी लढत होते. बाकी ठिकाणी निकाल लागतो तो पक्षांतर्गत निवडणुकीत, म्हणजे प्रायमरीत. तिथे मतदान थोडं आणि येणारे बहुतेक कट्टर. पेनसिल्व्हेनिया आणि न्यू यॉर्कसारख्या राज्यांत तर पक्षाकडे नाव नोंदवलं नसेल तर प्रायमरीत मतच देता येत नाही. गॅलपच्या पाहण्यांत चाळीस टक्क्यांहून जास्त अमेरिकन स्वतःला कोणत्याच पक्षाचे मानत नाहीत. ज्या राज्यांत दारं अशी बंद आहेत, तिथे त्यांनी नुसतं बघायचं.

पैसा

२०१० च्या 'सिटिझन्स युनायटेड' निकालानं कंपन्या आणि संघटनांना निवडणुकीत स्वतंत्रपणे हवा तेवढा खर्च करायची मुभा दिली. त्यातून 'सुपर पॅक', म्हणजे अशा खर्चासाठी हव्या तेवढ्या देणग्या गोळा करणारे गट, उभे राहिले. २०२४ मध्ये ट्रम्प यांच्या बाजूनं एकट्या इलॉन मस्क यांनी २५ कोटी डॉलरहून जास्त ओतले. उमेदवारानं स्वतःचा पैसा किती लावावा यालाही १९७६ पासून मर्यादा नाही. बेळगावचे श्री ठाणेदार यांनी २०१८ मध्ये मिशिगनच्या गव्हर्नरपदासाठी खिशातले कोटभर डॉलर खर्च केले आणि प्रायमरीत तिसरे आले. पुढे २०२२ मध्ये ते डेट्रॉइटमधून खासदार झाले. यात बेकायदा काहीच नाही. मराठी माणूस अमेरिकेच्या संसदेत गेल्याचा आनंद आपल्याला झाला तो झालाच. पण ज्याच्याकडे असा खिसा नाही, त्याला देणगीदारांचे उंबरठे झिजवावे लागतात.

बातम्यांचा धंदा

हे सगळं मतदाराला समजावून सांगायचं कुणी? १९७६ मध्ये गॅलपच्या पाहणीत ७२ टक्के अमेरिकनांचा प्रसारमाध्यमांवर भरवसा होता. २०२५ मध्ये तो २८ टक्क्यांवर आला.

१९४९ पासून रेडिओ आणि टीव्ही केंद्रांवर वादाच्या प्रश्नांच्या दोन्ही बाजू मांडायचं बंधन होतं. ते १९८७ मध्ये उठलं. पुढच्याच वर्षी रश लिंबॉ यांचा एकतर्फी बोलण्याचा रेडिओ कार्यक्रम देशभर ऐकू येऊ लागला. मात्र तो नियम परत आणला की सगळं सुरळीत होईल, हे म्हणणं भाबडं आहे. तो केबल वाहिन्यांना लागूच नव्हता. १९९६ मध्ये सुरू झालेल्या फॉक्स न्यूज आणि एमएसएनबीसीचं गणित वेगळं होतं: सगळ्यांना थोडं थोडं देण्यापेक्षा आपल्या प्रेक्षकाला धरून ठेवायचं. २०२० ची निवडणूक चोरीला गेल्याच्या खोट्या आरोपांना हवा दिल्याबद्दल फॉक्सनं २०२३ मध्ये डोमिनियन या मतदान यंत्रांच्या कंपनीला ७८ कोटी ७५ लाख डॉलर मोजले. खटल्यातून बाहेर आलेल्या संदेशांत वाहिनीची मंडळी आपसात त्याच आरोपांना हसत होती.

दुसरी बाजू काही सोवळी नाही. २०१६ चा प्रचार तापला असताना सीबीएस या टीव्ही वाहिनीचे तेव्हाचे प्रमुख लेस मूनव्हेज जाहीरपणे म्हणाले होते की हे देशाच्या भल्याचं नसेलही, पण आमच्या धंद्याला झकास आहे. २०२५ मध्ये त्याच सीबीएसच्या मालक कंपनीनं ट्रम्प यांनी लावलेला दावा १ कोटी ६० लाख डॉलर देऊन मिटवला, तेव्हा तिच्या विलीनीकरणाची फाइल सरकारपुढे पडून होती.

लाँग आयलंडचं एक छोटं साप्ताहिक

या सगळ्यात मला सर्वांत बोलकं वाटतं ते 'नॉर्थ शोअर लीडर' या साप्ताहिकाचं प्रकरण. २०२२ मध्ये न्यू यॉर्कच्या तिसऱ्या मतदारसंघातून रिपब्लिकन जॉर्ज सँटोस उभे होते. आधीच्या निवडणुकीत ज्याच्याकडे दाखवण्यासारखं काही नव्हतं, त्याची मालमत्ता अचानक लाखो डॉलरवर कशी गेली, असा प्रश्न या लहानशा वृत्तपत्रानं मतदानाच्या आधीच छापला. वृत्तपत्राचा कल रिपब्लिकन होता, तरी पाठिंबा त्यानं डेमोक्रॅट उमेदवाराला दिला. मोठ्या माध्यमांनी ती बातमी उचललीच नाही आणि सँटोस निवडून आले. मग डिसेंबरात 'न्यू यॉर्क टाइम्स'नं छापलं की ज्या कॉलेजची पदवी आणि ज्या बँकांतली नोकरी त्यांनी सांगितली होती, तिथे त्यांची नोंदच नाही. वर्षभरानं प्रतिनिधिगृहानं त्यांना ३११ विरुद्ध ११४ मतांनी हाकललं. पुढे सात वर्षांहून जास्त शिक्षा झाली, ती २०२५ च्या ऑक्टोबरात ट्रम्प यांनी कमी करून त्यांना सोडून दिलं.

२००५ पासून अमेरिकेतली एक तृतीयांशाहून जास्त वृत्तपत्रं बंद पडली आहेत, आणि त्यात अशी गावोगावची साप्ताहिकंच जास्त. उमेदवाराची कागदपत्रं चाळायला आता अनेक ठिकाणी कुणी उरलेलं नाही.

'यांपैकी कोणीही नाही'

आपल्याकडे 'नोटा' २०१३ मध्ये आला. नेव्हाडात हा पर्याय १९७५ पासून आहे. २०२४ च्या फेब्रुवारीत तिथल्या रिपब्लिकन प्रायमरीत ट्रम्प यांचं नाव नव्हतं, निकी हेली यांचं होतं. तरी 'यांपैकी कोणीही नाही' साठ टक्क्यांहून जास्त मतं घेऊन पहिला आला. अर्थात त्यानं कुणाची निवड थांबत नाही. राग मोजला जातो, इतकंच.

यावर उपाय म्हणून सुचवलं जाणारं पसंतीक्रमाचं मतदान, म्हणजे उमेदवारांना पहिली-दुसरी पसंती देणं, मेन आणि अलास्कानं स्वीकारलं आहे, पण २०२४ मध्ये कोलोराडो, आयडाहो, ओरेगन आणि नेव्हाडाच्या मतदारांनी तशा सुधारणा स्वतःच फेटाळल्या. तेव्हा सगळा दोष यंत्रणेवर ढकलणाऱ्या मतदाराचंही सगळंच खरं मानू नये.

तिकडे नागरिक झालेले आपले नातलग नोव्हेंबरच्या मतदानाचे फोटो हौसेनं पाठवतात. त्यांना एवढंच सांगा: प्रायमरीची तारीख आणि आपली पक्षनोंदणी आधी पाहून ठेवा. न्यू यॉर्कमध्ये जूनच्या प्रायमरीसाठी पक्ष बदलायचा असेल तर मुदत फेब्रुवारीच्या मध्यालाच संपते.