अक्षरांवरून इंग्रजी शब्द शोधणे

स्पेलिंगे नुसती घोकून घेण्यापेक्षा फळ्यावर 'एस', 'टी', 'ओ', 'पी' ही चार अक्षरे लिहावीत आणि प्रत्येक अक्षर एकदाच योजून कोणते शब्द होतात, ते मुलांना शोधावयास सांगावे. एकंदर मांडण्या २४ होतात. चाचपडत गेल्यास काही सुटतात. म्हणून पहिले अक्षर कायम धरून उरलेल्या तिहींच्या सहा मांडण्या लिहाव्यात, मग पहिले अक्षर बदलावे. स्टॉप, स्पॉट, पोस्ट, पॉट्स, टॉप्स इतके सापडले म्हणजे पुरे. (सहावा 'ऑप्ट्स', तो शिक्षकांनी आपल्याजवळ राखून ठेवावा.)

खरी अडचण उच्चाराची आहे. मराठीत 'रस' उलटला की 'सर' होतो. अक्षरांचे उच्चार तेच राहतात. इंग्रजीत 'ई', 'ए', 'टी' यांपासून ईट (खाणे), टी (चहा) व एट (खाल्ले) हे शब्द होतात. पहिल्या दोहोंत 'ए'ला स्वतंत्र उच्चार नाही. तिसऱ्यात शेवटचा 'ई' मुका आहे. तो लिहिण्यास विसरणारा मुलगा मंद नव्हे. तो मराठीचाच नियम प्रामाणिकपणे पाळीत असतो. त्याच्याकडून तिन्ही शब्द फळ्यावर शेजारी शेजारी लिहवून मोठ्याने वाचून घ्यावेत.