पूर्णेकाठचा काळा दगड आणि चंद्राचा दगड

सिद्धेश्वर धरणाच्या खाली पूर्णेच्या पात्रात उतरलं की जिकडे पाहावं तिकडे काळा पाषाण. त्यातला एखादा जड, भोकाभोकांचा दगड उचलून कुणीतरी म्हणतंच, "हा आभाळातून पडलेला दिसतो." चुंबक लावला की चिकटतो, मग तर खात्रीच पटते. पण या दोन्ही खुणा फसव्या. भोकं असतात लाव्हातल्या वायूच्या बुडबुड्यांची, आणि चुंबक चिकटतो तो बसाल्टमधल्या मॅग्नेटाइटमुळे. चंद्रावरून आलेल्या दगडात धातुरूप लोखंड नावापुरतं असतं. चुंबक सहसा त्याची दखलच घेत नाही.

मग चंद्राचा दगड ओळखायचा कसा? हे माणसाला अवघ्या चार-पाच दशकांत कळत गेलं. सुरुवात अर्थातच अपोलो मोहिमांची. 1969 ते 1972 या काळात चंद्रावरून 382 किलो दगडमाती आली. हे नमुने हाती नसते, तर वाळवंटात सापडलेला तुकडा पडताळायचा कशाशी? त्यातले काही कण मुंबईला टाटा मूलभूत संशोधन संस्थेतही आले. देवेंद्र लाल यांच्या गटात नरेंद्र भंडारी, ए. एस. ताम्हणे, व्ही. एस. वेंकटवरदन ही मंडळी होती. त्यांनी वैश्विक किरणांनी स्फटिकांत कोरलेल्या सूक्ष्म रेघा सूक्ष्मदर्शकाखाली मोजल्या. मराठी वाचकाला वेंकटवरदन माहीत असतात ते नेहरू तारांगणामुळे. हे आधीचं काम सहसा कुणी सांगत नाही.

त्याच सुमारास लोणारचं विवरही या गोष्टीत आलं. 1973 साली कुर्ट फ्रेड्रिकसन आणि भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या शास्त्रज्ञांनी 'सायन्स'मध्ये लिहिलं की हे विवर आघातानेच झालं आहे. पुरावा होता धक्क्याने काच बनलेलं फेल्डस्पार, म्हणजे मास्केलिनाइट. चंद्रावरचे काळे डाग बसाल्टचे आणि आपलं पठारही बसाल्टचं, त्यामुळे लोणारची काच चंद्राच्या काचेशेजारी ठेवून पाहता आली.

प्रत्यक्ष दगड मिळाला तो बर्फाच्या वाळवंटात. 18 जानेवारी 1982 रोजी अंटार्क्टिकातल्या ॲलन हिल्सजवळ 31 ग्रॅमचा खडा सापडला आणि अपोलोच्या नमुन्यांशी ताडून तो चंद्राचा ठरला. खरं तर जपानी पथकाने असाच एक खडा 1979 मध्येच उचलला होता. तो चंद्राचा आहे हे मागाहून कळलं! सहारातला पहिला चांद्र अशनी 1997 साली लिबियात सापडला, आणि मग ओमानच्या वाळवंटाकडे लोकांची रीघ लागली.

ओमानचा सय्ह अल उहैमिर 169 मला सर्वांत आवडतो. वजन 206 ग्रॅम, सापडला जानेवारी 2002 मध्ये. त्यात थोरियम इतकं जास्त, की यानांनी काढलेल्या चंद्राच्या किरणोत्सर्गाच्या नकाशावर त्याचं गाव शोधता आलं. चंद्रावरच्या लालांद विवराच्या आसपासचा तो असावा, असं अभ्यासकांचं म्हणणं. चंद्रावरून उडून साडेतीन लाख वर्षंही झालेली नाहीत, आणि वाळवंटात पडून जेमतेम दहा हजार.

वर्गवारीची कसोटी मात्र कडक. चंद्र आणि पृथ्वी यांच्या ऑक्सिजनच्या समस्थानिकांचं प्रमाण सारखंच, म्हणून तेवढ्यावर आपला बसाल्ट वेगळा काढता येत नाही. पायरोक्झिन या खनिजातलं लोह-मँगनीजचं गुणोत्तर पाहावं लागतं, अवकाशातल्या किरणांनी बनलेली समस्थानिकं शोधावी लागतात. त्यावर वाळवंटाचा उपद्रव वेगळाच: भेगांत शिरलेलं कॅल्साइट आणि बेरियम हे तिथल्या मातीचं देणं, ते आधी वजा करायचं.

दगड सगळीकडेच पडतात, मराठवाड्यातही. पण इथल्या पावसात, काळ्या मातीत, नांगराखाली ते टिकणार किती आणि दिसणार कसे? आपल्याला मिळतात ते डोळ्यांदेखत पडलेले. 22 मे 2012 ला नागपूर जिल्ह्यातल्या काटोलला भरदुपारी दगड पडले; ते साधे कॉन्ड्राइट निघाले, चंद्राचे नव्हेत. चंद्राचा दगड पडताना कुणी पाहिल्याची नोंद जगात कुठेच नाही.

तरीही शेतात शंकास्पद दगड मिळालाच, तर तो धुऊ नका आणि त्याला चुंबक तर मुळीच लावू नका, कारण त्यातली मूळ चुंबकीय नोंद पुसली जाते. जागेचा फोटो घ्या, दगड स्वच्छ पिशवीत ठेवा आणि नागपूरच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षणाला कळवा.