गणिताच्या तासाला पाऊस

हवामानबदल आणि शाळा : लेखांक सातवा

या आठवड्यात विज्ञानाच्या तासाला बसायचं ठरलं होतं. ते पुढच्या वेळी. कर्नाटकात, कलबुर्गी जिल्ह्याच्या आळंद तालुक्यातल्या, महाराष्ट्राच्या हद्दीजवळच्या एका मराठी शाळेतल्या गणिताच्या बाईंचं पत्र आलंय आणि त्यातला प्रश्न काही केल्या मनातून जात नाही. बाई लिहितात, ‘भूगोलात हवामानबदल आहे, विज्ञानात आहे, भाषेच्या तासाला निबंध देता येतो. मी काय करू? मला टक्केवारी आणि सरासरी पक्की करून घ्यायची असते.’

बाई, टक्केवारी आणि सरासरी पक्की करा, तेच हवं आहे. आजचं ऊन, आजचा पाऊस डोळ्यांना दिसतो. तीस वर्षांचं हवामान आकड्यांवाचून कुणालाच दिसत नाही. तरीही गणिताकडे सगळ्यांचं लक्ष उशिराच जातं. अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यानं 2020 मध्ये हवामानबदल सात विषयांतून शिकवायचं ठरवलं, त्यात चित्रकला आली, शारीरिक शिक्षण आलं, परभाषा आल्या. गणित आलं ते 2023 मध्ये. आपल्याकडे 2005 च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यानं पर्यावरण सगळ्याच विषयांत मिसळायला सांगितलं आहे. मुख्याध्यापकांनी विचारलं तर हा आधार दाखवा.

सुरुवात एका प्रश्नानं करा. दूध, तेल, पाणी आपण लिटरनं मोजतो, मग पाऊस मिलिमीटरनं का? मुलांना लगेच उत्तर देऊ नका. सरळ बाजूंचं एक मोठं पातेलं आणि एक लहान डबा पावसात शेजारी शेजारी ठेवा. पाणी कमीजास्त साठेल, पण उंची दोन्हींत सारखीच भरेल. हे स्वतः पाहिलेलं मूल क्षेत्रफळ आणि घनफळ यांत पुन्हा गल्लत करत नाही. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. एक हेक्टरवर दहा हजार लिटर. आता लातूरची पाण्याची रेल्वे घ्या. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून पहिली गाडी आली, दहा वाघिणी, सुमारे पाच लाख लिटर. देशभर बातमी झाली. मुलांना विचारा, एवढं पाणी एक हेक्टर रानावर किती मिलिमीटर पावसानं पडतं? उत्तर येतं पन्नास. म्हणजे अडीच एकरांवरचा दोन इंच पाऊस. हे गणित फळ्यावर सुटतं तेव्हा वर्ग कसा गप्प होतो ते मी पाहिलं आहे. मग मुलंच शाळेच्या छताची लांबी-रुंदी मोजायला धावतात.

यानंतर सरासरी. एक उदाहरण करून देतो, आकडे सोयीसाठी मीच घेतले आहेत. दोन वर्षं, दोन्हींत जून ते सप्टेंबर 600 मिलिमीटर पाऊस. पहिल्या वर्षी तो 40 दिवसांत बेताबेतानं पडला. दुसऱ्या वर्षी पावसाचे दिवस 20, त्यांतल्या तीन दिवसांतच 300 मिलिमीटर, आणि मध्ये महिनाभर उघडीप. 600 हीच सरासरी धरली तर कागदावर दोन्ही वर्षं शंभर टक्के. आता विचारा, तुमच्या रानातली तूर कोणत्या वर्षी हाताला लागेल? कलबुर्गीच्या तुरीला 2019 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्या तालुक्यांतल्या पोरांना याचं उत्तर पुस्तकात शोधावं लागत नाही. काळ्या रानात पाणी साचलं की वापसा येत नाही, मुळं गुदमरतात, पुढे मर लागते. 2022 च्या हंगामात या जिल्ह्यात मर रोगानं किती रानं वाळवली हे त्यांनी घरीच पाहिलं आहे. बेरीज सारखी, वाटणी वेगळी. मध्यक कशासाठी काढायचा, कमाल-किमान यांतलं अंतर का बघायचं, हे इथे आपोआप कळतं. हवामानखात्याच्या हिशेबात 2.5 मिलिमीटर किंवा जास्त पडला तरच तो पावसाचा दिवस, हेही सांगून ठेवा, नाहीतर शिंतोड्यांवरून वर्गात वाद होतात.

‘सरासरीच्या इतके टक्के’ हे बातम्यांतलं वाक्यही सोडू नका. ती सरासरी कोणती? देशाच्या मोसमी पावसाचं सर्वसाधारण मान 1961 ते 2010 या काळावरून 880.6 मिलिमीटर होतं. 2022 पासून 1971 ते 2020 हा काळ धरतात, तेव्हा ते 868.6 झालं. तेवढाच पाऊस जुन्या मापानं 98.6 टक्के, नव्या मापानं शंभर. आणि ही घट पावसाच्या काही दशकांच्या नैसर्गिक चढउतारातली आहे, असं हवामानखात्यानंच सांगितलं आहे. प्रत्येक घटीला हवामानबदल म्हणायचं नाही, ही सवय मुलांना गणितानंच लागेल.

आता माझा आवडता विषय, त्यासाठीच खरं तर विज्ञान मागे ठेवलं. गावातली वडीलधारी माणसं म्हणतात, पूर्वी मृगाला पाऊस हमखास यायचा. सूर्य मृग नक्षत्रात जातो तो 7-8 जूनला. पण नक्षत्रांवर मोजलेलं वर्ष ऋतूंच्या वर्षापेक्षा साधारण वीस मिनिटांनी मोठं आहे. मग किती वर्षांत एक दिवसाचा फरक पडेल? 1440 भागिले 20, बहात्तर वर्षं. ज्ञानेश्वरी 1290 मध्ये पूर्ण झाली. तेव्हापासून मृग ऋतूच्या मानानं जवळपास दहा दिवस पुढे सरकला आहे. याचा हवामानबदलाशी काहीएक संबंध नाही, तो पृथ्वीच्या आसाच्या डुलण्याचा परिणाम. पण आजोबांच्या सत्तर वर्षांत मृग सरकला तो एकच दिवस. मग पाऊस त्याहून जास्त सरकला असेल तर कारण दुसरीकडे शोधायला हवं, आणि सरकला की नाही हे आठवणीवरून ठरणार नाही, नोंदवहीवरून ठरेल.

म्हणून नोंदवही. पर्जन्यमापक बाटली कापूनही होतो. तोंडाचा व्यास बाटलीच्या दुप्पट असलेलं नरसाळं लावलं तर पाणी चौपट उंच चढतं; वर्तुळाचं क्षेत्रफळ शिकवायला याहून चांगलं साधन मला माहीत नाही. वेळ सकाळी साडेआठचीच ठेवा, हवामानखात्याचीही तीच. कर्नाटकात ग्रामपंचायतनिहाय स्वयंचलित पर्जन्यमापक आहेत, त्यांचा आकडा शेजारी लिहा. पलीकडे महाराष्ट्रात महसूल मंडळनिहाय ‘महावेध’ची केंद्रं आहेत. तुमच्या कितीतरी मुलांचं आजोळ उमरग्याकडे किंवा अक्कलकोटकडे असेल. मामाला फोन करून तिथला आकडा मागवला की तिसरा रकाना भरतो. तीनही आकडे जुळणार नाहीत. का जुळत नाहीत यावर एक तास सहज जाईल. वही मात्र सातवीच्या वर्गानं पुढच्या सातवीच्या हाती द्यायची आणि तीस वर्षं फाटू द्यायची नाही.

थोड्याच दिवसांत एवढा पाऊस का कोसळतो, हा प्रश्न या वहीतून येईलच. हवा एक अंश तापली की सुमारे सात टक्के जास्त वाफ धरू शकते. पुढच्या आठवड्यात तिथूनच सुरू करू. दोन काचेच्या बरण्या आणि दोन सारखे तापमापक तयार ठेवा.