९६२ दिवस न थांबलेली भट्टी

कैगा कारवार तालुक्यात, काळी नदीच्या काठी, सह्याद्रीच्या दाट जंगलात आहे. तिथली २२० मेगावॅटची पहिली अणुभट्टी १३ मे २०१६ रोजी पुन्हा सुरू झाली, ती बंद केली थेट ३१ डिसेंबर २०१८ला. सलग ९६२ दिवस! मध्ये तीन पावसाळे येऊन गेले. तेवढ्यात तिने सुमारे ५०० कोटी युनिट वीज दिली. तेव्हाचा तो जागतिक विक्रम होता.

आणि जळण कसलं, तर खाणीतून काढून शुद्ध केलेलं साधं युरेनियम. त्यात सहज फुटणारं युरेनियम-२३५ असतं हजारात जेमतेम सात भाग. एवढ्यावर साध्या पाण्यात भट्टी पेटतच नाही. म्हणून जगातल्या बहुतेक भट्ट्यांसाठी ते प्रमाण आधी तीन ते पाच टक्क्यांवर नेतात. ते काम खर्चिक, आणि त्याचं तंत्र मोजक्या देशांच्या मुठीत. भारताने दुसरी वाट धरली. इंधन आहे तसंच ठेवलं, पाणी बदललं.

अणू फुटला की न्यूट्रॉन सेकंदाला सुमारे वीस हजार किलोमीटर वेगाने सुटतो. पुढचा अणू फोडायचा तर त्याला आधी संथ करावं लागतं. पाण्यातल्या हायड्रोजनवर आपटून तो संथ होतो खरा, पण साधा हायड्रोजन बरेच न्यूट्रॉन गिळून टाकतो. त्याचा जड भाऊ ड्युटेरियम मात्र पोटात एक न्यूट्रॉन घेऊनच जन्मलेला. त्याला दुसऱ्याची फारशी भूक नसते. ड्युटेरियमचं पाणी म्हणजे जड पाणी. त्यात न्यूट्रॉन फारसे वाया जात नाहीत, आणि हजारातले ते सात भाग पुरे पडतात.

ड्युटेरियम समुद्रात आहे, विहिरीत आहे, तुमच्या पेल्यातल्या पाण्यातही आहे. साधारण साडेसहा हजार हायड्रोजन अणूंमागे एक. तो वेचायचा कसा? अलिबागजवळ थळला आरसीएफचा खत कारखाना आहे. तिथे अमोनिया बनवायला लागणारा हायड्रोजनयुक्त वायू आधी शेजारच्या जड पाणी प्रकल्पातून फिरवतात. तिथे त्यातलं ड्युटेरियम काढून घेतात आणि वायू खतासाठी परत पाठवतात. पिकाचं खत आणि अणुवीज, दोन्ही एकाच वायूच्या वाटेवर!

आता इंधन पाहा. झिर्कोनियम मिश्रधातूच्या १९ नळ्यांची, हातभर लांबीची एक जुडी. आत पंधरा किलोच्या आसपास युरेनियम ऑक्साइड. एवढ्यातून सहा लाखांच्या घरात युनिट निघतात. तेवढ्या विजेला कोळसा लागेल सुमारे ४०० टन, म्हणजे मालगाडीच्या सहा-सात वाघिणी. भट्टीत ३०६ आडव्या नलिका असतात आणि त्यांत अशा ३,६७२ जुड्या. भट्टी धडधडत असतानाच एका टोकाचं यंत्र ताज्या जुड्या आत सारतं, दुसऱ्या टोकाचं यंत्र वापरलेल्या बाहेर घेतं. इंधनासाठी भट्टी थांबवावीच लागत नाही. कैगाचा विक्रम पुढे मोडला तो कॅनडातल्या डार्लिंग्टनच्या भट्टीने, आणि तीही जड पाण्याचीच.

असं असूनही देशाच्या विजेत अणुऊर्जेचा वाटा तीन टक्क्यांच्या आसपासच आहे. प्रकल्प उभारायला वर्षानुवर्षं लागतात, भांडवल प्रचंड लागतं, आणि जैतापूरच्या नियोजित अणुप्रकल्पाजवळच्या मच्छीमारांनी समुद्राबद्दल विचारलेले प्रश्न खरे आहेत. वापरलेल्या इंधनातला अतिकिरणोत्सारी कचरा तारापूर, तुर्भे आणि कल्पाक्कमला काचेत गोठवला जातो, तरी त्याची राखण पिढ्यान्‌पिढ्या करावी लागणार. सौर वीज झपाट्याने वाढते आहे, स्वस्तही आहे, आणि ती वाढायलाच हवी. पण सूर्य मावळल्यावर घराघरांत दिवे, पंखे लागतात, तेव्हा भार पेलतो तो मुख्यतः कोळसा. बॅटऱ्या आणि धरणं त्यातला काही भाग उचलतील, सगळा नाही. सरकारने २०४७पर्यंत १०० गिगावॅट अणुविजेचं लक्ष्य ठेवलं आहे. आजची क्षमता नऊ हजार मेगावॅटच्या आतबाहेर आहे. ते लक्ष्य पूर्ण गाठलं जावो न जावो, रात्रीचा कोळसा कमी करायचा असेल तर भारताला या भट्ट्या हव्यात, आणि ज्यांच्या किनाऱ्यावर त्या उभ्या राहणार त्यांचं म्हणणं आधी ऐकून घ्यायला हवं.