पोलाद का नमते?

पोलाद म्हणजे बळ, अशी आपली समजूत असते. ज्या इमारतीचा सांगाडा पोलादाचा, ती अढळ असे आपण मानतो. परंतु अग्नीपुढे पोलादालाही नमावे लागते.

११ सप्टेंबर २००१ रोजी अतिरेक्यांनी न्यूयॉर्कमधील जागतिक व्यापार केंद्राच्या दोन मनोऱ्यांवर विमाने आदळविली. दोन्ही मनोरे कोसळले. त्यांच्या जळत्या अवशेषांनी जवळच्या एका ४७ मजली इमारतीस आग लागली. तिच्यावर विमान आदळले नव्हते. तरीही सुमारे सात तास जळून ती सायंकाळी कोसळली. मग कुजबुज सुरू झाली. "पोलाद वितळावयास सुमारे १५०० अंश सेल्सिअस उष्णता लागते. सामानसुमानाच्या आगीत ती कोठून येणार? आत कोणीतरी सुरुंगच पेरले असले पाहिजेत!"

शंका घेणे वाईट नव्हे. पण शंकेचे उत्तर शोधले पाहिजे. लोहाराच्या भट्टीतील लोखंड वितळत नाही. ते मऊ होते आणि घणाच्या घावासरशी वाकते. सुमारे ६०० अंशांवर पोलादाचे बळ निम्म्यावर येते. मऊ होण्यापूर्वीही तापलेला धातू प्रसरण पावतो. म्हणूनच बैलगाडीच्या चाकावर लोखंडी धाव तापवून चढवितात.

त्या इमारतीत हे प्रसरणच घातक ठरले. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानके व तंत्रज्ञान संस्थेने २००८ साली आपला निष्कर्ष प्रसिद्ध केला. शहरातील जलवाहिनी फुटल्याने आग लागलेल्या मजल्यांवर पाण्याचे फवारे चालले नाहीत. तापून लांबलेल्या तुळयांनी एका मोठ्या तुळईस तिच्या बैठकीवरून ढकलले. मजल्यावर मजला पडला. आधार गेलेला एक खांब वाकला आणि त्याच्यामागोमाग इतर खांबही ढासळले. खांब उडविणाऱ्या सुरुंगाचा आवाज दूरवर घुमला असता. तसा आवाज त्या वेळच्या चित्रफितींत आढळला नाही.

१९ जानेवारी २०१७ रोजी तेहरानमधील प्लास्को ही पोलादी सांगाड्याची इमारतही आगीने कोसळली. आग विझविणारे अनेक जवान तिच्याखाली गाडले गेले.

अफवा एखादा अदृश्य शत्रू दाखविते आणि तेथेच थांबते. खरे कारण कळले, की पोलादावर अग्निरोधक लेप चढविता येतो, पाण्याची दुसरी सोय करता येते आणि धोक्याच्या इमारतीतून माणसांना वेळीच बाहेर काढता येते. सत्य शोधण्याचे कष्ट घ्यावयाचे, ते याचसाठी.